ठरलेले भाडे आणि परक्या विमानातला पाहुणचार

१९५८ सालच्या एप्रिलमध्ये अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या विमानांत इकॉनॉमी वर्ग सुरू झाला आणि लवकरच बड्या विमान कंपन्यांमध्ये सँडविचवरून जुंपली. स्वस्त तिकीट काढणाऱ्याला महागाचे जेवण द्यायचे नाही, असे सगळ्यांनी मिळून ठरवले होते. चहा-कॉफी, पाणी आणि साधे, थंड, कमी खर्चाचे सँडविच, एवढ्यावर भागवायचे. स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीने हा नियम आपल्या पद्धतीने पाळला. डेन्मार्कच्या सँडविचला वरचा पाव नसतोच. पावाच्या एका पातळ कापावर लोणी, त्यावर हॅम, चीज, सॅलडची पाने, ॲस्परॅगस असे थर चढतात, खालचा पाव दिसेनासा होतो आणि खायला काटा-सुरी घ्यावी लागते. केएलएम, स्विसएअर, एअर फ्रान्स यांनीही आपापल्या परीने ताटे सजवली. अमेरिकेच्या पॅन ॲमने तक्रार केली की हे सँडविच नव्हे, हे सरळसरळ जेवण आहे. एसएएसला २०,००० डॉलर दंड झाला. सँडविचमध्ये पाव ठळकपणे दिसला पाहिजे आणि कॅव्हिअरसारखे उंची पदार्थ त्यात चालणार नाहीत, असा खुलासाही कंपन्यांच्या संघटनेला करावा लागला. हा प्रसंग एरवी गंमत म्हणून सांगितला जातो. मला तो त्या काळच्या विमानप्रवासाचा सर्वांत बोलका पुरावा वाटतो. परक्या देशाच्या विमानात पाऊल टाकले की त्या देशाचा पाहुणचार सुरू होतो, ही आपल्या मनात रुजलेली समजूत मुख्यतः भाडे बांधून टाकण्याच्या व्यवस्थेतून जन्मली, आणि ती व्यवस्था मोडल्यावर त्या समजुतीचा पायाही खचला.

ही व्यवस्था महायुद्ध संपता संपता उभी राहिली. १९४५ च्या एप्रिलमध्ये हवाना येथे विमान कंपन्यांची ‘आयाटा’ ही संघटना स्थापन झाली. पुढच्या वर्षी अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात बर्म्युडा करार झाला आणि आंतरराष्ट्रीय भाडी आयाटाच्या परिषदांनी ठरवावीत, सरकारांनी त्यांना मंजुरी द्यावी, ही रीत पक्की झाली. परिषदेत निर्णय एकमताने होई, म्हणजे एका कंपनीचाही विरोध असला तर भाडे उतरत नसे. ठरलेल्या भाड्याआड कोणी सवलत देऊ नये म्हणून तपासनीस नेमलेले होते. पण भाडे बांधले की तेवढ्यावर थांबता येत नाही. त्याच पैशांत एखाद्याने जास्त काही दिले तर तीही छुपी सूटच झाली. म्हणून इकॉनॉमीतल्या दोन आसनांमधले अंतर ३४ इंच ठरले. साठच्या दशकात विमानात नियमित चित्रपट दाखवायला सुरुवात झाली तेव्हा कानाला लावायच्या यंत्राचे अडीच डॉलर घेतलेच पाहिजेत, असाही नियम आला. विमाने तर बहुतेकांची सारखीच होती, बोईंग ७०७ नाहीतर डीसी-८. एकच भाडे, एकच वेग, पाय पसरायला तेवढीच जागा. मग कंपनीने गिऱ्हाईक ओढायचे कशाने? ताटात काय आहे, ते कोण वाढते, वाढणारी काय नेसली आहे आणि ती कशी बोलते, एवढेच हातात उरत होते.

त्यात युरोपीय आणि आशियाई कंपन्यांची अडचण आणखी मोठी होती. अटलांटिकवरचा उतारू प्रामुख्याने अमेरिकन होता, आणि त्याला आपल्या देशाची कंपनी ओळखीची होती. डच किंवा स्विस कंपनीकडे तो वळायचा तर त्याला काही कारण द्यावे लागे. परकेपण हेच ते कारण झाले. युरोपची सहल न्यूयॉर्कच्या विमानतळावरच सुरू होते, अशी भूल घालण्यात या कंपन्या तरबेज झाल्या.

या खेळात मुंबईच्या एअर इंडियाने जे केले ते मला सगळ्यांत शिकण्यासारखे वाटते. १४ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, या कंपनीची लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाणारी बोईंग ७०७ ची सेवा सुरू झाली. त्या काळी परकीय चलनाची टंचाई इतकी होती की हिंदुस्थानातून अमेरिकेला निघालेल्या माणसाला खिशात मोजके डॉलर घेऊन जावे लागे. अमेरिकेने आशियाई लोकांच्या स्थलांतरावरची जुनी बंधने उठवली ती १९६५ च्या कायद्याने. थोडक्यात, १९६० साली ही आसने भरायला आपली माणसे पुरेशी नव्हती. लंडन-न्यूयॉर्क या टप्प्यावर परके उतारू मिळवणे भाग होते, आणि त्यांना ब्रिटनची बीओएसी, अमेरिकेच्या पॅन ॲम किंवा टीडब्ल्यूए या कंपन्या त्याच भाड्यात नेत होत्या. कंपनीचे अधिकारी बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ साली घडवलेला, जाहिरातींतला महाराजा इथे खऱ्या अर्थाने कामाला आला. वाकून स्वागत करणारा, टोकदार मिशांचा हा गृहस्थ स्वस्ताई दाखवत नव्हता, वेगाची फुशारकी मारत नव्हता. त्याच्याकडे आदरातिथ्याखेरीज विकायला दुसरे काही नव्हते, आणि कूका यांना हे नेमके कळले होते. पुढे १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ हे पहिले जम्बो आले तेव्हा त्याच्या खिडक्यांभोवती राजस्थानी झरोक्यांच्या कमानी रंगवल्या होत्या. योगायोग असा की सँडविचचा तंटा पेटला त्याच सुमारास, १९५८-५९ या वर्षासाठी, आयाटाचे अध्यक्षपद एअर इंडियाचे प्रमुख जे. आर. डी. टाटा यांच्याकडे आले. नियमांची चौकट आणि तिच्या आत उरलेली मोकळी जागा, दोन्ही त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. कपबशीपासून पडद्याच्या कापडापर्यंत ते जातीने लक्ष घालत, याचे नवल वाटायला नको.

यावर कोणी म्हणेल, की पाहुणचार हा संस्कार आहे, त्याला भाड्याच्या कोष्टकात काय कोंबता? हा आक्षेप वजनदार आहे आणि त्यात तथ्यही आहे. महाराजाचा नमस्कार किंवा डॅनिश सँडविच कोणी परिषदेत बसून शोधून काढलेले नव्हते, ते त्या त्या समाजात होतेच. पण घरात असलेली गोष्ट ३५,००० फुटांवर नेऊन त्यासाठी खर्च करायचा, हा निर्णय व्यापाराचा असतो. एअर इंडियाच्या हवाई सुंदरी सुरुवातीच्या वर्षांत पाश्चात्त्य धर्तीचा स्कर्ट घालत. गणवेश म्हणून साडी रुळली ती साठच्या दशकात, जेट विमाने आणि न्यूयॉर्कचा मार्ग आल्यावर. संस्कार आधीही तोच होता, बदलली होती ती बाजारपेठ. याहून नेमका पुरावा पॅन ॲमचा. सँडविचविरुद्ध तक्रार करणारी ही अमेरिकन कंपनी आपल्या वरच्या वर्गात पॅरिसच्या ‘मॅक्सिम्स’ या उपाहारगृहाच्या नावाने जेवण वाढत होती. अमेरिकन विमानात फ्रेंच आतिथ्य कुठल्या संस्कारातून आले? आणि ज्या एसएएसने सँडविचसाठी दंड सोसला, तीच आज युरोपातल्या आपल्या उड्डाणांवर इकॉनॉमीच्या उतारूला खाण्याचे पैसे लावते.

दुसरा आक्षेप हळहळीच्या रूपात येतो: ते दिवस किती चांगले होते! ज्यांना तिकीट परवडत होते त्यांच्यापुरते होते. १९५२ साली स्वस्त म्हणून आणलेल्या टूरिस्ट वर्गाचे न्यूयॉर्क-लंडन परतीचे तिकीट ४८६ डॉलर होते, आणि त्या वर्षी मध्यम अमेरिकन कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३,९०० डॉलरच्या आसपास. एका माणसाच्या एका खेपेला घरच्या वर्षभराच्या कमाईचा आठवा हिस्सा! ताटातल्या हॅमची किंमत या भाड्यात वसूल होत होती. लोकांना खरोखर काय हवे होते ते आइसलँडच्या लॉफ्टलायदिर कंपनीने दाखवून दिले. ही कंपनी आयाटाबाहेर राहिली आणि १९५५ पासून न्यूयॉर्कहून रेक्याविकमार्गे लक्झेंबर्गला कमी भाड्यात नेऊ लागली. इतरांची जेट विमाने आली तरी हिची पंख्यांची विमाने वर्षानुवर्षे चालू होती. वेळ जास्त लागे आणि उतरायचे एका छोट्या देशात, तिथून पुढचा प्रवास आगगाडीने. तरीही विद्यार्थी आणि बेताच्या पैशांत युरोप पाहू पाहणारे तरुण तिच्याकडे लोटत.

बांध फुटला तो १९७७ च्या सप्टेंबरमध्ये. फ्रेडी लेकर यांच्या ‘स्कायट्रेन’ने लंडन-न्यूयॉर्क एका बाजूचे ५९ पौंडांत सुरू केले. आगाऊ आरक्षण नाही, जेवण हवे तर वेगळे पैसे. तिकिटासाठी रांगा लागल्या आणि जुन्या कंपन्यांना भाडी उतरवावी लागली. १९८२ च्या फेब्रुवारीत लेकर यांची कंपनी बुडाली, पण भाडे पुन्हा पूर्वीसारखे बांधता आले नाही. पुढे अमेरिकेने युरोपीय देशांशी मोकळ्या आकाशाचे करार केले, पहिला १९९२ मध्ये नेदरलँड्सशी, आणि २००८ पासून युरोपीय संघाशी झालेला करार अमलात आला. भाड्यावर स्पर्धा करता येऊ लागताच इकॉनॉमीतल्या पाहुणचाराचा खर्च कमी करत नेणे हाच व्यवहार ठरला. जेवण अजून बहुतेक ठिकाणी मिळते, पण सर्वांत स्वस्त तिकिटात सामानाचे पैसे वेगळे पडतात. मेजवानीची चढाओढ बिझनेस क्लासमध्ये सरकली, कारण तिथला उतारू अजूनही भाड्याआधी सोय पाहतो.

दरम्यान, कंपनीचे परकेपणही पातळ झाले. केएलएमच्या नावाचे तिकीट काढून डेल्टाच्या विमानात बसावे लागते, लुफ्थान्साच्या क्रमांकाचे उड्डाण युनायटेड चालवते. अटलांटिकवर या कंपन्या गटागटाने भागीदारीत धंदा करतात आणि उत्पन्न वाटून घेतात. पण एका बाबतीत विमान कोणत्या देशाचे, हा प्रश्न पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे, आणि ती बाब म्हणजे कायदा. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या नियमानुसार, असाधारण कारण नसताना अटलांटिकपारचे विमान चार तासांहून उशिरा पोहोचले तर उतारूला ६०० युरो भरपाई मिळू शकते. युरोपीय संघातून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला हा नियम लागू आहे. अमेरिकेतून युरोपला येताना मात्र तो युरोपीय कंपनीनेच चालवलेल्या विमानाला लागू होतो, अमेरिकन कंपनीच्या विमानाला नाही. न्यूयॉर्कहून पॅरिस किंवा फ्रँकफर्टला जाणाऱ्यांनी तिकीट घेताना त्यावरचे मोठे बोधचिन्ह पाहून थांबू नये. खाली बारीक अक्षरांत ‘उड्डाण कोण चालवणार’ ही ओळ असते, ती आधी वाचावी.