शाळेचा पैसा आणि शाळेतले मूल

सार्वजनिक शाळेचा विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. शाळेचा खर्च कोणी करावा, हा पहिला. आणि त्या खर्चाचे फळ मुलाच्या पदरात पडले की नाही, हे कोणी पाहावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर आपल्याकडे शंभरांहून अधिक वर्षे वाद झाला व तो बव्हंशी सुटलाही. दुसरा मात्र अजून आपल्या दारात उभा आहे. ट्रॉम्बे, म्हणजे आपले जुने तुर्भे, हा त्याचा ठळक दाखला होय.

या वादाला तोंड फोडणाऱ्यांत महात्मा फुले अग्रभागी होते. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरळ हिशेब मांडला : सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून, आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शिक्षकाला दरमहा निदान 12 रुपये पगार असावा, हीही त्यांची मागणी होती. म्हणजे पैसा कोठून येतो व कोठे जातो, एवढ्यावरच न थांबता, तो पुढे शिकवणाऱ्याच्या हातात कसा पोचतो, इथपर्यंत त्यांची नजर गेली होती.

मुंबई शहरापुरता हा प्रश्न कायद्याने सोडवला. 1888 च्या म्युनिसिपल कायद्यात प्राथमिक शिक्षण हे नगरपालिकेच्या कर्तव्यांत घातले गेले. परंतु कर्तव्य लिहिणे सोपे, त्याचा खर्च उचलणे कठीण. शहराच्या पोलिसांचा खर्च त्या काळी नगरपालिकेच्या माथी होता व त्यावरून सरकारशी सतत कुरबुर चाले. अखेर 1907 मध्ये तडजोड झाली : पोलिसांचा खर्च सरकारने घ्यावा आणि प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत यांचा भार नगरपालिकेने उचलावा. मुंबईच्या म्युनिसिपल शाळांचा पाया, श्रोतेहो, अशा एका जमाखर्चाच्या सौद्यावर उभा आहे. त्यात कमीपणा काही नाही. मात्र सौद्यात खर्चाची वाटणी झाली, फळाची जबाबदारी कोणाची हे ठरले नाही.

पुढे नामदार गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक 1911 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळापुढे आणले. 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी पडले. तथापि विचार मरत नाही. 1917 मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू केले, आणि 1920 मध्ये मुंबई शहरासाठी तसा कायदाही झाला.

पण या साऱ्याचा ट्रॉम्ब्याशी संबंध काय? त्या वेळी ट्रॉम्बे मुंबई शहरात नव्हतेच. कोळीवाड्याचे, खाडीकाठचे हे गाव उपनगर जिल्ह्यात मोडत होते. 1950 मध्ये शहराची हद्द वाढली तेव्हा ते बृहन्मुंबईत आले, आणि 1907 चा तो सौदा ट्रॉम्ब्याच्या मुलांनाही लागू झाला. त्यानंतर अल्पावधीतच या परिसराचे रूप पालटले. माहुलकडे तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले. 1956 मध्ये 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. 2017 मध्ये जकात रद्द होईपर्यंत महापालिकेच्या तिजोरीचा ती मोठा आधार होती, आणि त्या जकातीत या कारखान्यांकडे येणाऱ्या खनिज तेलाचा वाटा लक्षणीय होता. सबंध शहराच्या शाळा ज्या तिजोरीवर चालत, तिच्यात ट्रॉम्ब्याच्या किनाऱ्याने अशी भर घातली.

आणि याच ट्रॉम्ब्यात शेजारी शेजारी दोन चित्रे उभी राहिली. अणुशक्ती विभागाच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी 1969 मध्ये स्वतंत्र शिक्षणसंस्था निघाली. तिच्या शाळांना विभागाचे पाठबळ आणि घरी आईबापांचा स्थिर पगार. दुसरीकडे, आणीबाणीत, मे 1976 मध्ये, जनता कॉलनी उठवून तेथील हजारो कुटुंबे चिता कॅम्पच्या दलदलीच्या जागेवर आणून बसवली. तेथील मुलांच्या वाट्याला मुख्यतः म्युनिसिपल शाळा आली. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात हा भाग ज्यात येतो तो एम-पूर्व वॉर्ड शहरात शेवटच्या क्रमांकावर होता. दोन्हीकडची मुले तेवढ्याच बुद्धीची. मुलाच्या यशात शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, हा प्रश्न येथे पुस्तकात शोधावा लागत नाही.

मग पैसा कमी पडला काय? महापालिकेचा शिक्षणाचा अर्थसंकल्प 2023-24 मध्ये 3,300 कोटी रुपयांच्या वर गेला. त्यात निवृत्तिवेतन व खाजगी शाळांची अनुदानेही येतात, म्हणून त्याला मुलांच्या संख्येने सरळ भागणे बरोबर नाही. तरीही खर्च वाढत असताना मराठी शाळांतील मुले मात्र झपाट्याने घटत गेली, हे नाकारता येत नाही. वह्या, गणवेश, दप्तरे मोफत मिळाली. 2015 मध्ये टॅबही आले. परंतु बहुतेक म्युनिसिपल शाळा सातवी-आठवीपर्यंतच. पुढची पायरी मुलाने स्वतः शोधायची.

यावरून 'पैशाने काही होत नाही' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. तो चुकीचा आहे. अमेरिकेत 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, बारा वर्षे सातत्याने दहा टक्के जास्त खर्च झालेल्या मुलांची मोठेपणीची मजुरी सुमारे सात टक्क्यांनी वाढलेली आढळली, आणि गरीब घरच्या मुलांना लाभ अधिक झाला. पण इतके दूर जाण्याचेही कारण नाही. 2001 ते 2003 या काळात 'प्रथम' या संस्थेने मुंबईच्या म्युनिसिपल शाळांत 'बालसखी' उपक्रम चालवून पाहिला. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वेगळी घेऊन बसे आणि त्यांना वाचन व अंकगणित मुळापासून शिकवी. खर्च दर मुलामागे वर्षाला शंभर-सव्वाशे रुपयांच्या आसपास; आणि अर्थशास्त्रज्ञांनी मोजून पाहिले तेव्हा मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. पैसा थोडा होता, पण तो नेमका अडलेल्या मुलापर्यंत पोचला होता.

फुल्यांनी पंतोजीच्या पगाराचा आकडा सांगितला, त्यातले मर्म हेच. अर्थसंकल्पाची बेरीज ही सुरुवात आहे, शेवट नव्हे. आपण कर भरणारे नागरिक दरवर्षी विचारतो की शिक्षणावर किती कोटी ठेवले. त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे : चिता कॅम्पच्या शाळेतल्या चौथीच्या मुलाला यंदा सलग वाचता येते काय, आणि येत नसेल तर त्याच्याजवळ रोज दोन तास कोण बसणार? 1907 च्या सौद्यात राहून गेलेले कलम ते हेच, आणि ते लिहून घेण्याचे काम आता आपले आहे.