रोमन मत्स्यकुंडे

प्राचीन इटलीतील धनिकांनी सागरतीरावरील आपल्या प्रासादांलगत मासे पाळण्यासाठी बांधलेली कुंडे. इ. स. पू. पहिल्या शतकात नेपल्सच्या उपसागराकाठी त्यांची चढाओढच लागली होती. कुंडे बांधण्यापेक्षा त्यांतील पाणी निर्मळ राखणे अवघड होते, कारण भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम येते. मार्कस ल्युकलस याच्या कुंडांत पाणी खेळते नसून त्याचे मासे कुबट डबक्यात राहतात, असा ठपका हॉर्टेन्शिअस ठेवी, असे व्हॅरोने लिहिले आहे (इ. स. पू. ३७). उलट मार्कसचा भाऊ ल्यूशिअस याने नेपल्सजवळ डोंगर फोडून समुद्र आत घेतला. हॉर्टेन्शिअसला मात्र आपली एक लाडकी वाम मेली तेव्हा रडू कोसळले म्हणतात. या हौशीमागील व्यवहार पहिल्या शतकातील कृषिलेखक कॉल्युमेला याने सांगितला : कुंडाला शक्यतो सर्व बाजूंनी पाट असावेत, म्हणजे लाट कोठूनही आली तरी जुने पाणी समोरून बाहेर पडते, पाटांच्या तोंडाशी बारीक छिद्रांच्या काशाच्या जाळ्या बसवाव्यात आणि उन्हापासून आसऱ्यासाठी कडेला कपारी ठेवाव्यात. टिऱ्हेनियन किनाऱ्यावर या कुंडांचे अवशेष आढळतात. त्यांतील अनेक आता पाण्याखाली असून पाटांच्या उंचीवरून संशोधक त्या काळची समुद्रपातळी ठरवितात.