वस्त्रविवेकाची दीडशे वर्षे

अन्न, वस्त्र आणि निवारा या मनुष्याच्या तीन मूलभूत गरजा होत, असे आपण सारे शाळेपासून घोकत आलो. यांपैकी अन्नाच्या आणि निवाऱ्याच्या प्रश्नांवर पुष्कळ लिहिले जाते. वस्त्राचा प्रश्न मात्र कधीच सुटला, असे मानून समाजाने तो बाजूस ठेवलेला दिसतो. वस्तुतः तो सुटलेला नाही. त्याचे स्वरूप तेवढे पालटले आहे. पूर्वी अंगभर वस्त्र मिळावे कसे, ही विवंचना होती. आज मध्यमवर्गीयाच्या घरात कपाटाचे दार लागावे कसे, ही विवंचना आहे. चार धुण्यांत विटणारे, एका समारंभापुरते घ्यावयाचे आणि मग टाकून द्यावयाचे कपडे, ज्याला हल्ली 'फास्ट फॅशन' म्हणतात, त्याचा हा प्रताप होय. यावर उपाय म्हणून मोजके, टिकाऊ आणि विचारपूर्वक निवडलेले कपडे वापरावेत, असा उपदेश आज पाश्चात्त्य देशांतून नव्याने ऐकू येतो. हा विचार आपल्या लोकांना नवा नाही. त्याचा महाराष्ट्रातील इतिहास दीडशे वर्षांहून अधिक जुना आहे, आणि त्याचे एक महत्त्वाचे पान याच दिल्लीत लिहिले गेले, हे सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने दिल्लीकर मराठी वाचकांस सांगावेसे वाटते.

ते पान १ जानेवारी १८७७ चे. त्या दिवशी लॉर्ड लिटनने दिल्लीत भव्य दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीस 'कैसर-इ-हिंद' हा किताब धारण केल्याचे जाहीर केले. शहराच्या उत्तरेस आज जेथे कॉरोनेशन पार्क आहे, तेथली ही गोष्ट. देशभरचे राजेरजवाडे रेशीम, जरतार आणि हिरेमाणके लेवून आले होते. त्याच वेळी दख्खनेत भीषण दुष्काळाने माणसे अन्नान्न करीत होती. या झगमगाटात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काका, उपस्थित राहिले ते हाताने कातलेल्या सुताच्या साध्या शुभ्र खादीत. १८७२ च्या जानेवारीत त्यांनी स्वदेशी वस्त्राचे व्रत घेतले होते. चांगली चालती वकिली असलेल्या या गृहस्थाने ते १८८० मध्ये मृत्यू येईपर्यंत पाळले. गांधीजींचा चरखा देशास ठाऊक होण्यापूर्वी सुमारे चाळीस वर्षे आधीची ही घटना आहे, हे विसरता कामा नये.

काकांचे व्रत ही एकट्याची लहर नव्हती. लोकहितवादींनी 'प्रभाकर' पत्रातून १८४८ पासून जी शतपत्रे लिहिली, त्यांत आपल्या देशात होणारी वस्तू ओबडधोबड असली तरी तीच घ्यावी, हा विचार मांडला होता. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात देशी व्यापारावर व्याख्याने देऊन त्यास अर्थशास्त्राचा पाया दिला. या मंडळींच्या दृष्टीपुढे प्रदूषण किंवा पाण्याचा अपव्यय नव्हता. इंग्लंडच्या गिरण्यांकडे वाहून जाणारी देशाची संपत्ती आणि उपासमारीस लागलेला विणकर हे त्यांच्यापुढचे प्रश्न होते. तेव्हा त्यांना आजच्या पर्यावरणवाद्यांच्या पंक्तीस बसविणे इतिहासास धरून होणार नाही. परंतु एक गोष्ट त्यांनी आपणांस निश्चित शिकविली. कापड विकत घेणे ही केवळ आवडीनिवडीची बाब नसून नीतीची बाब आहे. हे कापड कोणी विणले, त्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न अंगावर वस्त्र चढविण्यापूर्वी विचारला पाहिजे.

या विचाराचा पुढचा टप्पा होळीचा होता. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात तरुण विनायक दामोदर सावरकरांच्या पुढाकाराने परदेशी कपड्यांची होळी झाली. त्याबद्दल त्यांना १० रुपये दंड झाला आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे वसतिगृह सोडावे लागले. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईस परळ येथे गांधीजींनी अशीच प्रचंड होळी पेटविली. गुलामगिरीचे जोखड झुगारण्यासाठी लोकांच्या मनास धक्का देणे आवश्यक होते, आणि होळीने ते कार्य केले. तथापि रवींद्रनाथ ठाकूर आणि चार्ल्स अँड्र्यूज यांच्यासारख्या गांधीजींच्या निकटच्या मंडळींनीही त्या वेळी आक्षेप घेतला होता. ज्या देशात लक्षावधी लोक अर्धनग्न आहेत, तेथे धडधाकट वस्त्र जाळावे काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्या वादाचा निकाल राजकारणाच्या सोयीने लागला. आज परकीय सत्ता नाही, तेव्हा तो वाद नव्याने तपासून पाहण्यास हरकत नाही. जुने सारे एका दिवसात टाकून नवे 'पर्यावरणपूरक' कपडे आणणे, ही सुद्धा एक होळीच होय, आणि तिच्यात खरी आहुती पडते ती चालत्या वस्त्राची.

होळीहून वेगळी अशी एक वाट आपल्या घराघरांत होती. तिचा इतिहास कोणी लिहिला नाही, कारण तो बायकांच्या हातून घडला. नऊवारी लुगडे विरले की ते टाकले जात नसे. फाटका भाग काढून उरलेल्या तुकड्यांस दंड घालून ते पुन्हा नेसावयास घेत. तेही जीर्ण झाले की त्याच मऊ सुताची बाळाची दुपटी, कुंची आणि टोपडी होत. उरल्या तुकड्यांचे थर एकावर एक घालून, धावदोरा घालून वाकळ शिवली जाई. वाकळ फाटली की पोतेरे. काठपदर किंवा जर असेल तर बोहारीण दारी येई आणि घासाघीस होऊन भांडे पदरी पडे. शिंपी मुलाचा सदरा शिवताना आत माया ठेवी. मूल वाढले की शिवण उसवून माया सोडावयाची आणि सदरा आणखी दोन वर्षे चालवावयाचा. कापडाच्या पोटातील या राखीव पट्टीस आमच्या भाषेने 'माया' म्हणावे, यातच सारे आले. दारिद्र्याचे गोडवे आम्हांस गावयाचे नाहीत. दंड घातलेले लुगडे नेसणाऱ्या बाईला नवे नको होते, असे कोण म्हणेल? परंतु तिच्या हातातील कसब दारिद्र्याबरोबर टाकून देण्याचे कारण नव्हते.

या घरगुती शहाणपणास शास्त्राचे रूप वर्ध्याने दिले. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे केंद्र मगनवाडीत होते आणि त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. १९३८ मध्ये तेथे मगन संग्रहालय उघडले. कुमारप्पांनी 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हा ग्रंथ लिहिला. निसर्गाच्या भांडवलावर डल्ला मारणारे अर्थकारण आणि त्याच्या व्याजावर भागविणारे अर्थकारण यांतील भेद त्यात सांगितला आहे. 'शाश्वत विकास' हा शब्द सरकारी कागदपत्रांत रूढ होण्यापूर्वी कित्येक दशके आधी शाश्वततेचे अर्थशास्त्र वऱ्हाडाच्या शेजारी, कापसाच्या मुलखात मांडले गेले होते.

मग हे सारे निसटले कसे? १९७० च्या दशकात दिल्लीतील मराठी कारकुनाच्या घरी दिवाळीस करोलबागेतून कापड आणून शिंप्याकडे टाकण्याची रीत होती. टेरिलीन आणि टेरिकॉट यांनी तेव्हाच प्रवेश केला होता. ते चुरगळत नव्हते, लवकर वाळत होते आणि इस्त्रीचा खर्च वाचवीत होते, म्हणून लोकांनी ते आनंदाने स्वीकारले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे कधीच उभे राहिले नाही. १ जानेवारी २००५ पासून जागतिक कापड व्यापारावरील कोटापद्धती संपली आणि जेथे मजुरी सर्वांत स्वस्त तेथे शिलाई जाऊ लागली. २००० ते २०१५ या काळात जगातील कपड्यांचे उत्पादन सुमारे दुप्पट झाले, आणि एक कपडा जितक्या वेळा घातला जाई ते प्रमाण मात्र घटले. या स्वस्ताईची किंमत २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे दिसली. राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक कामगार प्राणास मुकले. त्यांतील बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या.

दुसरी किंमत पाण्याची. एका सुती टी-शर्टामागे सरासरी सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज आहे. रोज ३ लिटर धरले, तर एका माणसाच्या ९०० दिवसांच्या पिण्याचे ते पाणी होय. विदर्भात बहुतेक कापूस पावसावर पिकतो; तेथे प्रश्न पाण्याइतकाच भावाचा आहे. पण दोन्हीकडे निष्कर्ष एकच निघतो: एवढ्या मोलाने निघालेला धागा चार दिवसांत फेकण्याजोगा नसतो.

फेकलेल्या वस्त्राचे पुढे काय होते, हे पाहण्यास राजधानीच्या परिसरातील माणसाला दूर जावे लागत नाही. पश्चिम दिल्लीत रघुबीर नगरात पहाट फुटण्यापूर्वी जुन्या कपड्यांचा बाजार भरतो. भांड्यांच्या बदल्यात घरोघर गोळा केलेले कपडे वाघरी समाजातील स्त्रिया तेथे विकतात. आपल्या बोहारणीचीच ही बहीण. १९९९ मध्ये दिल्लीत अंशू गुप्ता यांनी 'गूंज' ही संस्था स्थापन केली. गावकऱ्यांनी विहीर खणावी, रस्ता दुरुस्त करावा आणि त्या श्रमाचा सन्मान म्हणून वस्त्र घ्यावे, अशी तिची रीत आहे. दानाला भिकेची कळा येऊ न देणाऱ्या या कार्यासाठी गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पारितोषिक लाभले.

आणि पानिपत! १४ जानेवारी १७६१ पासून हे नाव उच्चारताच मराठी मनात कालवाकालव होते. आज तेच पानिपत जगाच्या जुन्या कपड्यांचे शेवटचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. पश्चिमेकडील देशांतील टाकलेले कपडे गठ्ठ्यांनी येथे येतात. गुंड्या आणि चेन काढल्या जातात, रंगांप्रमाणे ढीग लागतात, यंत्रे चिंध्या पिंजतात आणि त्यांतून पुन्हा सूत निघते. चिंध्यांपासून लोकर काढण्याची ही कला १८१३ मध्ये यॉर्कशायरमधील बॅटली येथे निघाली. तिच्यावर पानिपतने कांबळ्यांचा मोठा धंदा उभारला, आणि आपत्तिग्रस्तांस वाटली जाणारी कितीतरी कांबळी येथलीच. परंतु तेथेही पॉलिएस्टरच्या नव्या ब्लँकेटांनी चिंध्यांच्या कांबळ्यास मागे सारले आहे. शिवाय पिंजताना उडणारे तंतू कामगारांच्या श्वासात जातात, आणि विरंजनाचे पाणी कोठेतरी सोडावे लागते. पुनर्वापराचा कारखाना आहे म्हणून खुशाल फेकावे, असा अर्थ यातून निघत नाही. मिश्र धाग्यांचे हलके कापड पिंजले तरी त्यातून चांगले सूत निघत नाही. मूळ वस्त्र चांगले असेल, तरच त्याला दुसरा जन्म लाभतो.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. हातमागाचे आणि खादीचे कापड महाग. स्वस्त तयार कपड्यांमुळे गरिबाच्या मुलालाही नवा सदरा मिळू लागला, तो त्याच्याकडून हिरावून घ्यावयाचा काय? मुळीच नाही. हा उपदेश गरिबासाठी नाही. तो कमी कपडे घेतो आणि अधिक दिवस वापरतो. प्रश्न आपल्यासारख्या पगारदारांचा आहे. समजा, ४०० रुपयांचा सदरा दहा वेळा घातला, तर एका वेळेचे ४० रुपये पडले. १,५०० रुपयांचा हातमागाचा सदरा दीडशे वेळा घातला, तर १० रुपये पडले. हिशेब ठेवणे हा ज्यांचा पेशा आहे, त्यांस हे गणित अवघड वाटू नये.

करावे काय, याचे उत्तर या इतिहासातच आहे. काकांकडून व्रताची दृढता घ्यावी: वर्षाकाठी किती वस्त्रे घ्यावयाची, हे आधी ठरवून तेवढीच घ्यावीत. होळीच्या वादातून विवेक घ्यावा: कपाटातील वस्त्र, मग ते कोठलेही असो, विरेपर्यंत वापरावे, कारण सर्वांत शाश्वत कपडा हा आपल्याजवळ आधीपासून असलेला कपडा होय. आजीकडून कसब घ्यावे: गुंडी लावणे, उसवलेले शिवणे, रफू करून घेणे हे मुलांस आणि मुलींस सारखेच शिकवावे. नवे घ्यावयाचेच तर विणणाऱ्याच्या हाती चार पैसे पडतील असे घ्यावे. रिगल इमारतीतील खादी ग्रामोद्योग भवन दिल्लीकरांस परके नाही. मंडळांनाही हे करता येण्याजोगे आहे. प्रत्येक उत्सवास नवे छापील टी-शर्ट वाटण्याऐवजी एकच उपरणे वर्षानुवर्षे चालवावे, संक्रांतीच्या वाणात जुन्या साड्यांच्या पिशव्या द्याव्यात, आणि वर्षातून एक दिवस सभासदांनी धुऊन, इस्त्री करून, दुरुस्त केलेले कपडे आणून परस्परांत बदलावेत.

संस्था पन्नास वर्षे टिकते ती रोज नवी होते म्हणून नव्हे. फाटले तेथे कोणीतरी वेळीच टाका घालतो म्हणून. वस्त्राचेही तसेच आहे. सार्वजनिक काकांच्या खादीपुढे त्या दरबारातील जरतारी पोशाखांची आज कोणास आठवण नाही. थोडे, परंतु जाणून घेतलेले वस्त्र माणसाला पुरते, आणि शोभतेही.