हबशी सैनिक (निजामशाही व जंजिरा)

हबशी सैनिक : पूर्व आफ्रिकेतून, मुख्यतः आजच्या इथिओपियाच्या अंतर्भागातून, गुलाम म्हणून दख्खनेत आणले गेलेले लढवय्ये व त्यांचे वंशज. बहमनी काळापासून ते दख्खनच्या फौजांत दिसतात. निजामशाहीच्या अखेरच्या पर्वात राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. रायगड जिल्ह्यातील मुरुडजवळ, राजपुरी खाडीच्या तोंडाशी असलेल्या जंजिरा किल्ल्यावर त्यांनी सत्ता उभी केली आणि ती १९४८ पर्यंत टिकवली. कोकणात त्यांना सिद्दी म्हणतात.

तांबड्या समुद्रावरील बंदरांतून माणसे विकत घेतली जात आणि त्यांच्या मोबदल्यात हिंदुस्थानातील सुती कापड तिकडे जाई. दख्खनी सुलतानांना व सरदारांना असे शिपाई हवे असत, कारण त्यांना इथे ना भाऊबंद असत ना वतन. त्यांची सारी निष्ठा धन्यापाशी राहील, असा हिशेब होता. मालक मेला की मात्र अशा शिपायाला बहुधा मोकळीक मिळे. मग तो पदरचे स्वार घेऊन हव्या त्या सरदाराकडे चाकरी करी, इथेच लग्न करी, दख्खनी बोले. पिढीदोनपिढीत तो या मुलखाचा होऊन जाई. इराण व मध्य आशियातून आलेले उमराव, म्हणजे आफाकी किंवा घरीब (परके), आणि जुने दख्खनी सरदार यांच्यातील दीर्घ वैरात हबशी सामान्यतः दख्खनींच्या बाजूने उभे राहिले, याचे कारण यातच आहे. हे वैर रक्तरंजित होते. १५८९ मध्ये अहमदनगरात परदेशी उमरावांची कत्तल झाली, तेव्हा इतिहासकार फिरिश्ता तिथे होता. त्यातून वाचून तो विजापूरला गेला.

१५९५ मध्ये इब्राहीम निजामशहा लढाईत पडला आणि अहमदनगरात यादवी माजली. गादीचे चार दावेदार पुढे आले. मियाँ मंजू या दख्खनी वजिराने अहमद नावाच्या मुलाला तख्तावर बसवले. हा मुलगा राजवंशातला नाही असे म्हणत इखलासखान हबशाने मोती नावाचा दुसरा मुलगा उभा केला. अभंगखान हबशी वृद्ध शाह अलीच्या पाठीशी होता, तर चांदबिबीने तान्ह्या बहादुरचा पक्ष घेतला होता. म्हणजे हबशी एका झेंड्याखाली नव्हते. त्यांचेच दोन गट दोन राजांसाठी लढत होते. मियाँ मंजूने मोगल शहजादा मुराद याला मदतीला बोलावले आणि मोगलांचा वेढा शहराला पडला. तेव्हा अभंगखान वेढ्यावर चालून गेला. त्याच्या पथकात शे-दीडशे स्वारांचा एक नायक होता, मलिक अंबर.

अंबरचे चरित्र म्हणजे या साऱ्या वर्गाचे चरित्र, मोठ्या अक्षरांत लिहिलेले. जन्म सुमारे १५४८, इथिओपियात. मोखा आणि बगदाद अशी त्याची विक्री होत गेली. शेवटी निजामशाहीचा मंत्री चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतः हबशी आणि एकेकाळचा गुलामच होता. तो वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडले आणि राज्य बुडाले असे सर्वांना वाटले, त्या वेळी अंबरने परांड्याला दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला तख्तावर बसवले. पुढची पंचवीस वर्षे त्याने मराठा स्वारांच्या साथीने मोगलांना दख्खनेत स्थिर होऊ दिले नाही. खडकी हे शहर त्याने वसवले, तेच पुढे औरंगाबाद झाले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि शहाजीराजांचे बंधू शरीफजी तिथे कामी आले.

इतक्या पराक्रमानंतरही रंगाचा आणि गुलामीचा टोमणा त्याच्या मागून सुटला नाही. बादशहा जहांगीर आपल्या आत्मचरित्रात त्याच्या काळेपणावरून त्याला शिव्या देतो. अबुल हसनने काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या शिरावर जहांगीर बाण सोडताना दाखवला आहे. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. घरातला अपमान याहून बोचरा होता. अंबरची मुलगी सुलतान मुर्तजाला दिलेली होती. डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके याने नोंदवले आहे की, सुलतानाच्या गोऱ्या इराणी राणीने या सवतीला गुलाम पोरगी म्हणून हिणवले आणि तिच्या बापाचाही उद्धार केला. मुलीने ते बापाला कळवले. अंबरने सुलतान आणि ती राणी या दोघांना विष देवविले आणि मुर्तजाच्या लहान मुलाला गादीवर बसवले. हे कृत्य क्रूर आहे, ते झाकण्याचे कारण नाही. पण राज्य तोलून धरणाऱ्या माणसाची लेक राजवाड्यात बाजारची दासीच ठरत होती, हे त्यावरून कळते. मला समतेचा प्रश्न इथे रणांगणापेक्षा अधिक उघडा दिसतो. अंबर १६२६ मध्ये वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

जंजिरा ज्यावर उभा आहे, त्या राजपुरीच्या बेटावर परंपरेनुसार आधी कोळ्यांचा मेढेकोट होता आणि राम पाटील त्यांचा नायक होता. निजामशाही अंमलदार पिरमखानाने तो कपटाने घेतला, अशी कथा सांगतात. दगडी किल्ला सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. निजामशाही १६३६ मध्ये संपल्यावर हा मुलूख विजापूरकडे गेला. व्यापारी गलबते आणि मक्केचे यात्रेकरू यांचे समुद्रात रक्षण करावे, या अटीवर सिद्दी तिथे कायम राहिला. इथली वारसाची रीत मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे. किल्ल्याचा मुख्य वारला, तर मुलाचा हक्क आपोआप लागत नसे. आरमारातला पहिल्या मानाचा अधिकारी त्याच्या जागी येई. सतराव्या शतकात कोकणच्या दर्यावर ही गोष्ट लहान नव्हती. ज्यांच्या बापजाद्यांना जन्माने काहीच मिळाले नव्हते, त्यांनी जन्मापेक्षा कामगिरीला वर धरले.

या रीतीची कसोटी १६७०-७१ मध्ये लागली. शिवाजी महाराजांच्या रेट्यापुढे जंजिऱ्याचा मुख्य फत्तेखान किल्ला द्यायला तयार झाला, तेव्हा संबळ, कासीम आणि खैरियत या तिघा सिद्दींनी त्याला कैद केले आणि मोगलांचे पाठबळ मिळवले. १६७१ च्या होळीच्या रात्री कासीमने किनाऱ्यावरची दंडा-राजपुरी मराठ्यांकडून परत घेतली. महाराजांनी जंजिऱ्यासमोर कासा बेटावर पद्मदुर्ग उभारला, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत दगड टाकून सेतू बांधू पाहिला, तरी जंजिरा पडला नाही. सिद्दींची आपसातली स्पर्धाही थांबली नव्हती. मोगल आरमाराच्या अधिकारावरून संबळ व कासीम यांच्यात तंटा पेटला आणि १६७७ मध्ये मुंबईच्या माझगावात त्यांची माणसे एकमेकांवर तुटून पडली. कासीम व खैरियत यांच्या कबरी राजपुरीजवळ खोकरीच्या घुमटांत आहेत.

सारे हबशी स्वराज्याच्या विरोधात होते, हा समज चुकीचा आहे. अफजलखानाच्या भेटीच्या वेळी महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा विजापूरचा सिद्दी जोहर हबशी, आणि वेढा फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर चाल करून गेलेला सिद्दी हिलालही हबशीच. त्या झुंजीत हिलालचा तरुण मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला.

याच इतिहासाची दुसरी बाजू किनाऱ्यावरच्या गावांनी सोसली. सिद्दींच्या स्वाऱ्यांत माणसे धरून नेली जात. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या घराण्याची परंपरा सांगते की, त्यांच्या वडिलांना सिद्दीने मारले आणि आई व मुलांना गुलाम म्हणून विकायला पाठवले. जे स्वतः बाजारातून आले होते, त्यांनी सत्ता मिळाल्यावर बाजार बंद केला नाही. त्यांनी मिळवलेली बरोबरी सरदारांपुरती होती. गलबतावर वल्हे मारणाऱ्या किंवा बुरुजावर तोफ ओढणाऱ्या हबशाचे नाव कागदांत क्वचितच सापडते.

अमेरिकेच्या यादवी युद्धाशी तुलना केली, की फरक नेमका दिसतो. तिथे उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय शिपाई लढले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. कृष्णवर्णीयांना १० डॉलर आणि त्यातूनही ३ डॉलर कपड्यांसाठी कापून घेतले जात. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने असा पगार घ्यायचेच नाकारले आणि जून १८६४ मध्ये काँग्रेसला समान वेतनाचा कायदा करावा लागला. त्या शिपायांची मागणी कायद्यापुढच्या हक्काची होती, सर्वांसाठी होती. दख्खनेत असा कायदाच नव्हता. इथे हबशाला मान मिळे तो धन्याच्या मर्जीतून किंवा स्वतःच्या तलवारीतून, आणि मिळे तो एकेकट्याला. म्हणून मलिक अंबर घडला, पण त्याच्यासारख्या बाकीच्यांची गुलामी संपली नाही.

अठराव्या शतकात गादी वंशपरंपरेने जाऊ लागली आणि तंटे घरात शिरले. १७३३ मध्ये जंजिऱ्याचा मुख्य सिद्दी रसूल वारल्यावर वारसांत यादवी झाली. थोरला मुलगा अब्दुल्ला मारला गेला आणि त्याचा मुलगा अब्दुल रहमान बाजीराव पेशव्यांच्या आश्रयाला आला. सिद्दीकडे असलेला रायगड त्याच वर्षी मराठ्यांनी परत घेतला. १७३६ च्या एप्रिलमध्ये चिमाजी आप्पांनी रेवसजवळच्या कामार्ल्याला सिद्दी सात या जंजिऱ्याच्या सरदाराला ठार केले. त्यानंतरच्या तहात रहमानचा हक्क मान्य झाला. पुढे सिद्दी जोहर नावाच्या सरदाराने (पन्हाळ्याचा जोहर वेगळा) बाळू मियाँ या वारसाला बाजूला सारले. बाळू मियाँने जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि १७९१ मध्ये त्याला सुरतेजवळचे सचिन संस्थान मिळाले. जोहरने मात्र किल्ला पेशव्यांच्या ताब्यात दिलाच नाही. जंजिऱ्याचे नवाब पुढे मुरुडला राहू लागले. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन त्याचा मुलूख कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात आला.