काचेच्या पेटीबाहेरची आई

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, अशी एक समजूत आपल्या घरांतून पूर्वापार चालत आली आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही ती आढळते. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन समाजांना एकाच चुकीची भुरळ पडावी, याचे कारण उघड आहे. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे जगणे-मरणे माणसाच्या हाती नव्हते. आणि जे हाती नसते त्यास मनुष्य काही तरी नियम लावून पाहतो. ते अंशतः हाती आले त्यास अद्याप दीडशे वर्षेही झालेली नाहीत. या दीडशे वर्षांतील यंत्रांची आणि औषधांची हकीकत पुष्कळांनी सांगितली आहे. वैद्यक हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. म्हणून येथे त्याच हकीकतीतील एका साध्या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे. मूल पेटीत होते तेव्हा त्याची आई कोठे होती?

१८७०-७१ च्या युद्धात प्रशियाकडून पराभूत झाल्यावर फ्रान्सला आपल्या रोडावणाऱ्या लोकसंख्येची चिंता लागली, आणि एरवी दैवाच्या हवाली केली जाणारी दुबळी अर्भके राष्ट्राच्या हिशेबात जमा होऊ लागली. पॅरिसच्या मातेर्निते या प्रसूतिगृहातील वैद्य स्तेफान तार्निये यांनी तेथील प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबविण्याची पेटी पाहिली, आणि ती करणाऱ्या ओदिल मार्तेन नावाच्या कारागिराकडून अर्भकांसाठी तशीच पेटी करवून घेतली. १८८० च्या सुमारास ती वापरात आली. पेटी कसली, खाली गरम पाणी आणि वर मुले निजविण्याची जागा असलेला एक मोठा लाकडी खोकाच तो! परंतु १८८३ मध्ये तार्निये यांचे शिष्य ओव्हार यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांवरून, दोन हजार ग्रॅमहून कमी वजनाच्या मुलांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ६६ वरून ३८ वर आले होते. केवळ उबेचा हा प्रताप होता.

तार्निये यांचेच दुसरे शिष्य प्येर ब्युदँ यांच्याकडे १८९५ मध्ये त्या प्रसूतिगृहातील दुबळ्या मुलांचा विभाग आला. त्यांच्या नजरेस एक निराळीच गोष्ट पडली. मूल पेटीत ठेवून ज्या मातांना घरी पाठविले जाई, त्यांचे दूध आटे, येणे-जाणे विरळ होई, आणि वाचविलेल्या मुलाला न्यावयास कित्येकदा कोणी येतच नसे. मुलास पाजावयास वा जवळ घ्यावयास न मिळाल्यास आईचे मन त्याच्यापासून हळूहळू सुटते, असे निदान त्यांनी केले, आणि १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत ते स्पष्टपणे मांडले. त्यांचा उपायही सरळ होता: आईला जवळ राहू द्यावे, तिनेच पाजावे, आणि पेटीच्या भिंती काचेच्या असाव्यात, म्हणजे मूल तिच्या दृष्टीआड होणार नाही. काचेचा उगम असा आईसाठी झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण पुढे तिचा उपयोग भलताच झाला.

तो उपयोग म्हणजे प्रदर्शन. नीस येथील आलेक्सांद्र लिओं यांनी पैसे घेऊन पेटीतील मुले दाखविण्याची टूम काढली, आणि मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने ती अमेरिकेत नेऊन तिचे एका संस्थेत रूपांतर केले. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या करमणुकीच्या ठिकाणी १९०३ पासून १९४३ पर्यंत हा खेळ चालला होता. कूनी यांनी वैद्यकीची पदवी घेतल्याचा पुरावा सापडत नाही. तथापि त्यांच्याकडील परिचारिका कुशल होत्या, स्वच्छता कडक होती, आणि मुलांच्या आईबापांकडून ते एक पैसाही घेत नसत. सारा खर्च तिकिटांतून निघे. इस्पितळांनी आशा सोडलेली हजारो मुले या माणसाने जगविली, हे त्याच्या टीकाकारांनीही मान्य केले आहे. आईबापांना तो येण्याजाण्याचे फुकट पास देई. परंतु मुलाचे काही करण्याची मुभा त्यांना नसे. तिकीट काढून आलेला प्रेक्षक आणि जन्मदात्री आई काचेबाहेर एकाच रांगेत उभी राहत. पुष्कळ महिन्यांनी मूल घरी नेण्याची वेळ आली, म्हणजे काही आईबापांची समजूत घालावी लागे, अशी कूनी यांची तक्रार असे. ब्युदँ यांचे निदान असे समुद्रापलीकडेही खरे ठरले.

याच सुमारास शिकागोत जूलिअस हेस यांनी अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी इस्पितळात स्वतंत्र विभाग उभारला, आणि अमेरिकेतील पुढील पिढीने त्याचाच कित्ता गिरविला. तेथील शिस्त विलक्षण होती: हात धुणे, तोंडावर फडके, मुलास शक्य तितके कमी हाताळणे, आणि आईबापांना दाराबाहेर ठेवणे. हा केवळ निष्ठुरपणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रतिजैविके अद्याप यावयाची होती. एका मुलास हगवण लागली तर साऱ्या दालनावर प्रेतकळा पसरे. बाहेरचा माणूस म्हणजे बाहेरचा रोग, हा हिशेब त्या काळी चुकीचा वाटणे कठीण होते. आईचे दूध बाटलीतून आत जाई. आई मात्र बाहेर राही.

परंतु वैद्यकशास्त्रातील सद्हेतू आणि सत्य यांत अंतर असू शकते, याचा दारुण प्रत्यय त्याच दालनांत आला. चाळिशीच्या दशकात पेटीत प्राणवायू सढळ हाताने सोडण्याची प्रथा पडली, आणि जगलेली मुले आंधळी होऊ लागली. १९४२ मध्ये बॉस्टनच्या टेरी यांनी या अंधत्वाचे वर्णन केले. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनी प्राणवायूकडे बोट दाखविले. आणि १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील अनेक इस्पितळांनी मिळून केलेल्या प्रयोगाने तो संशय खरा ठरविला. तोवर जगभर सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली होती. प्राणवायूची अशी परीक्षा झाली. आईला बाहेर ठेवण्याच्या उपचाराची मात्र परीक्षा कोणीच केली नव्हती, कारण तो उपचार आहे हेच कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांस साडेपाच आठवडे आधी पुत्र झाला. पॅट्रिक त्याचे नाव. फुप्फुसे अपक्व असल्याने त्यास बॉस्टनला हलविण्यात आले. शस्त्रक्रियेने प्रसूत झालेली आई केप कॉडच्या लष्करी इस्पितळात खिळून राहिली. सुमारे ३९ तासांनी मूल दगावले. जगातील सर्वांत सामर्थ्यवान घरासही तेव्हा यापलीकडे काही करता आले नाही. पुढल्या वीसएक वर्षांत मात्र चित्र पालटले. श्वसनयंत्रे आली, १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी फुप्फुसे उघडी ठेवणारे द्रव्य अर्भकांना यशस्वीपणे दिले, आणि पॅट्रिकहून कितीतरी लहान, सव्वीस-सत्तावीस आठवड्यांची मुले जगू लागली. जगू लागली खरी, परंतु जेवढे दिवस पोटात राहावयाचे राहिले तेवढे, म्हणजे कधी कधी तीन-तीन महिने, पेटीत राहून.

हे तीन महिने ज्यांनी काढले आहेत त्यांनाच त्यांची लांबी ठाऊक. बाळंतीण रिकाम्या ओटीने घरी येते. पाचवी पुजावयाची की नाही, बारशाचे काय, हे विचारण्याचे धैर्य घरात कोणास होत नाही. दर तीन तासांनी गजर लावून ती दूध काढते आणि नवरा ते पोहोचविण्यास धावतो. कालच्याहून वजन वीस ग्रॅम वाढले की सण, दहा घटले की सुतक. यंत्राची कोणती शिटी साधी आणि कोणती वाईट, हे पंधरवड्यात तिला कळू लागते. परंतु मूल आपले आहे की परिचारिकेचे, हा प्रश्न तिला रात्री झोपू देत नाही.

या प्रश्नाची शास्त्रीय दखल १९७० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील बार्नेट, क्लाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. त्यांनी काही मातांना अतिदक्षता दालनात सोडले, पेटीत हात घालून मुलास स्पर्श करू दिला, आणि रोग वाढतो काय ते पाहिले. तो वाढला नाही. साठ-सत्तर वर्षे बंद असलेल्या दाराला प्रथमच अशी फट पडली. पुढे क्लाउस आणि केनेल यांनी जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतील सहवासावर इतका भर दिला की, तो ज्यांना लाभला नाही त्या आयांच्या मनाला उगीच टोचणी लागली. नंतरच्या संशोधनाने हा अतिरेक दूर केला. वात्सल्य एका घटकेत जमते वा चुकते असे नाही; ते महिनोगणती साठत जाते. ज्यांचे मूल पहिल्या दिवशीच पेटीत गेले, त्या आईबापांना यासारखा दिलासा दुसरा नाही.

परंतु दार खऱ्या अर्थाने उघडले ते श्रीमंत इस्पितळांत नव्हे. कोलंबियातील बोगोटा येथे एका पेटीत दोन-दोन तीन-तीन मुले ठेवावी लागत. तेथे एद्गार रेय यांनी १९७८ मध्ये, आणि मागाहून एक्तोर मार्तिनेस यांनी, मूल आईच्या उघड्या छातीशी उभे बांधून तिलाच पेटी केले. कांगारूच्या पिशवीवरून या रीतीस नाव पडले. १९७९ मध्ये एस्टोनियातील ताल्लिन येथे परिचारिका अपुऱ्या पडत, म्हणून अदिक लेविन यांनी आजारी अर्भकांची दिवसरात्र शुश्रूषा आयांकडेच सोपविली. आपल्याकडे मुंबईच्या शीव येथील इस्पितळात अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी काढली, आणि एका आईचे दूध दुसरीच्या मुलास मिळू लागले. गडचिरोलीत तर पेटीही नव्हती आणि इस्पितळही दूर. तेथे अभय आणि राणी बंग यांनी ३९ खेड्यांत गावच्याच शिकलेल्या स्त्रियांना तयार केले. आईजवळ, घरातच, ऊब, दूध आणि वेळप्रसंगी सुई या साधनांनी त्यांनी नवजातांचे मृत्यू हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आणले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ही हकीकत जगापुढे ठेवली.

कोठे पेट्या कमी, कोठे परिचारिका, कोठे इस्पितळच नाही! ऐश्वर्याने बाहेर काढलेल्या आईला दारिद्र्याने आत बोलाविले. मात्र यावरून दारिद्र्याचा गौरव करू लागणे ही दुसरी चूक होय. आई ही स्वस्तातली पेटी नव्हे, की बिनपगारी परिचारिका नव्हे. याचा निर्णय २०२१ मध्ये लागला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांतील इस्पितळांत ३२११ लहान मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांत दिल्लीचे सफदरजंगही होते. श्वासाचे साहाय्य, औषधे, देखरेख हे सर्व कायम ठेवून, आईची खाट अतिदक्षता दालनातच टाकली आणि जन्मल्यापासूनच मूल तिच्या छातीशी दिले. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू शेकडा १५.७ ऐवजी १२ वर आले. लाभ इतका स्पष्ट होता की प्रयोग मुदतीपूर्वी थांबवावा लागला. आणि ज्या जंतुसंसर्गाच्या भीतीने आईला बाहेर काढले होते, त्याचा संशय घ्यावा अशी मुले तिच्या सान्निध्यात वाढली नाहीत, उलट घटली. तिच्या अंगाखांद्यावरचे जंतू बहुधा मुलाचे शत्रू नसून पहिले पहारेकरी आहेत. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने जन्मापासूनच या पद्धतीचा पुरस्कार केला.

श्रीमंत देशही आता ताल्लिनचा धडा गिरवीत आहेत. टोरांटोच्या शू ली यांनी तो कॅनडात नेला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील प्रयोगात, दिवसाचे निदान सहा तास आईबापांपैकी एकाने मुलाची देखभाल केली. त्या मुलांचे वजन अधिक वाढले आणि आईबापांची धास्ती कमी झाली.

येथे इतिहासाचे काम संपते आणि आपले सुरू होते. सहा तास मुलापाशी बसावयाचे, तर त्या आईची रोजची मजुरी कोण भरून देणार? घरच्या थोरल्या मुलाला कोण जेवू घालणार? बापाला रजा कोण देणार? मोठ्या शहरातील इस्पितळाच्या व्हरांड्यात, दोन जिल्हे ओलांडून आलेली बाळंतीण चटईवर निजलेली असते. तिला खाट आणि दोन वेळचे अन्न देण्यास श्वसनयंत्राच्या मानाने कितीसा खर्च येतो? नव्या विभागाचे नकाशे निघतात तेव्हा यंत्रांच्या जागा आधी आखल्या जातात आणि आईसाठी उरलासुरला कोपरा शोधला जातो. हा क्रम उलटा करावयास हवा. नकाशावर प्रथम आईची खाट काढावी, आणि मग तिच्याभोवती यंत्रे मांडावीत.