मागेल त्याला काम

1965 साल. तुम्ही तासगाव तालुक्यातल्या विसापुरात आहात. सुगी आटोपली आहे, रानात काम उरलेलं नाही आणि पारावर धडधाकट माणसं नुसती बसून आहेत. गावात एक खादीधारी गृहस्थ वेगळाच हिशेब मांडताहेत. हे वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. हाताला काम मागणाऱ्याला सरकारनं गावाजवळ काम द्यावं आणि त्यातून गावाच्या उपयोगाचं काही टिकून राहावं, एवढंच त्यांचं म्हणणं. विसापूर आणि आसपासच्या गावांत त्यांनी तसा प्रयोगही चालवला आहे.

आता मुंबईला चला. अपोलो बंदराजवळच्या कौन्सिल हॉलमध्ये प्रेक्षकांत जागा धरा. समोर पागे सभापतींच्या आसनावर बसलेत. 1960 ते 1978 ते याच आसनावर असणार. पण सभापतीला चर्चेत उतरता येत नाही. हाताशी खातं नाही, निधीही नाही. म्हणून ते मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना पत्र लिहितात, सत्ताधारी असो की विरोधक, एकेकाला गाठून पटवतात. एवढं मोठं काम मंत्रिपदाशिवाय नेटानं रेटत राहणं, ही त्यांच्या कारकिर्दीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. 1972 मध्ये रोजगार हमी योजना सुरू होते आणि त्याच वर्षी पाऊस दगा देतो.

मे 1973. नगर जिल्ह्यात पाझर तलावाच्या कामावर जाऊन उभे राहा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मातीचं घमेलं, अशा बायका एकामागोमाग बांध चढताहेत. बाभळीला बांधलेल्या झोळीत पोर रडतंय, पण आईला थांबता येत नाही, कारण मजुरी खोदलेल्या मातीवर मिळते. प्रत्येक खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खोदता राखलेला आहे. कारकून टेप घेऊन येतो, त्या खांबावरून खोली मोजतो, चौकडीचा, म्हणजे खोदलेल्या चौकोनी खड्ड्याचा, हिशेब वहीत उतरवतो. मग हजेरीच्या मस्टरवर अंगठा. दुपारी सुकडी वाटली जाते. घरून आणलेली भाकरी लालसर, परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची. त्या महिन्यात राज्यभर सुमारे 50 लाख माणसं अशी दुष्काळी कामांवर आहेत.

नीट बघा, ही अजून हमी नाही. दुष्काळ आला म्हणून पागेंची योजना बाजूला ठेवून सरकारनं ही कामं काढलीत. पाऊस पडला की ती बंद होतील आणि पारावरची माणसं पुन्हा पारावर येतील. पागेंना नेमकं हेच मोडायचं होतं. गरिबाला मिळणारं काम साहेबाच्या मर्जीवर असू नये, कायद्यानं त्याच्या हक्काचं असावं.

पैसा कुठून आणायचा? 1975 मध्ये मुंबईच्या एखाद्या कचेरीत पगाराच्या दिवशी डोकवा. कारकुनाच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागलाय. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं घालायची आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं. शहराच्या खिशातून कोरडवाहू रानाकडे पैसा वळवणारी ही तरतूद होती.

1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. आता एखाद्या तहसील कचेरीत शिरा. एक बाई अर्ज पुढे करतेय. 15 दिवसांत काम मिळालं नाही, तर तिला बेकारी भत्ता द्यावा लागेल. भत्ता तुटपुंजा आहे, रोजचा निदान 1 रुपया. पण तो मागताना तिला हात पसरावा लागत नाही. पुढे खोटी मस्टरं निघाली, महिनोन् महिने मजुरी थकली, हे सगळं खरं आहे. तरी ही बाई अर्ज घेऊन इथवर येऊ शकली, ही पागेंची कमाई.

पागे 1990 मध्ये गेले. 2005 मध्ये संसदेनं देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव खासदारांसमोर होताच. त्या कायद्यातलं कलम वाचा: एका कुटुंबाला वर्षाला 100 दिवस काम. महाराष्ट्राचा कायदा खेड्यातल्या प्रत्येक प्रौढ माणसासाठी होता, आणि त्यात दिवसांची मर्यादाच घातलेली नव्हती.