कृष्णाकाठची सोयरीक आणि बिंबाणूंचा जन्मजात दोष

मुलाचा घोळणा वारंवार फुटू लागला म्हणजे 'उष्णता झाली' म्हणावयाचे, आणि वयात आलेल्या मुलीचा रक्तस्राव आठवडे लोटले तरी थांबला नाही तर ते घराबाहेर बोलावयाचे नाही, ही आपल्याकडील जुनी रीत. रक्त न थांबण्याच्या आनुवंशिक विकारांच्या इतिहासात ह्या दुसऱ्या मौनाची दखल क्वचितच घेतली जाते; कारण तेथे हीमोफिलियाचीच कथा प्रामुख्याने येते, आणि ती बहुतांशी मुलांची आहे.

बर्न येथील बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी १९१८ साली वर्णिलेला विकार मात्र मुलगा-मुलगी हा भेद जाणत नाही. त्यांच्या रोग्यांत बिंबाणूंची, म्हणजे व्यवहारातील प्लेटलेटची, संख्या पुरेशी होती. परंतु काचनळीत ठेवलेल्या रक्ताची गुठळी आकसत नव्हती. १९४८ साली पॅरिस येथे बेर्नार व सुलिए यांनी अवाढव्य बिंबाणूंचा दुसरा विकार नोंदविला. दोहोंचे मर्म १९७४-७५ मध्ये नर्डेन व काएन यांनी उकलले. बिंबाणू प्रथम जखमी रक्तवाहिनीस चिकटतात व मग फायब्रिनोजेनच्या दुव्याने एकमेकांस धरतात. बेर्नार-सुलिए विकारात पहिल्या कामाचा ग्राही नसतो, ग्लान्झमानच्या विकारात दुसऱ्या. काहींत तो असूनही निकामी असतो.

हे दोष बहुधा अप्रकट असतात. माता व पिता दोघेही वाहक असले, तरच अपत्यास विकार होण्याचा संभव, आणि तोही चारांत एक. येथे सोयरिकीचा प्रश्न येतो. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधविषयक इंग्रजी ग्रंथात, मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रात मान्य असल्याचे व आत्याची मुलगी करणे बहुधा वर्ज्य असल्याचे दाखविले. अनुवंशशास्त्रास हा भेद ठाऊक नाही! वाहकाच्या मामेबहिणीत तोच दोष असण्याचा संभव आठांत एक, आतेबहिणीतही तेवढाच. १९४९ साली सातारा जिल्हा विभागून दक्षिण सातारा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले; सोयरिकींनी ही हद्द कधी मानली नाही. तथापि सारा दोष चालीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण नात्याबाहेरच्या विवाहांतही हा विकार आढळतो.

मुंबईस १९५२ साली भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट उजेडात आणला, तोही असाच अप्रकट गुण. पुढे १९५७ साली तेथे रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन झाले. त्यातूनच वाढलेल्या परळच्या राष्ट्रीय संस्थेत ग्लान्झमानच्या विकारातील जनुकदोषांचाही अभ्यास झाला आहे. परळपर्यंत पोहोचणाऱ्या मुली किती, हा खरा प्रश्न. नेमके निदान न होता वारंवार बिंबाणू चढविले, तर शरीर त्यांवरील ग्राहीलाच परका समजून प्रतिपिंडे निर्माण करू शकते, आणि मग ऐन बाळंतपणात तो उपाय निष्फळ ठरू शकतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने रक्तविकारांत हीमोफिलिया, थॅलसेमिया व सिकल सेल हे तीनच नावाने घेतले, आणि त्यातील हीमोफिलियाची व्याख्या सामान्यतः केवळ पुरुषांस होणारा रोग अशी केली.